दुसरी चिठ्ठी

१७ जुलै २०२२, रविवार. अल सद्द, दोहा

पूर्णिमाची डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा आज एकदाची झाली. यंदा पहिल्यांदाच दोह्यात केंद्र मिळालं, म्हणून सून नयना गेला महिनाभर देवाचे आभार मानत होती. देवव्रतने रजा टाकली होती, पण त्याचा फोन काही रजेवर नव्हता. विश्वचषकाच्या एका मैदानात गार हवा सोडायचं काम त्याच्याकडे आहे. चार महिने उरलेत आणि एका कोपऱ्यात हवा नको तशी लागते म्हणे. माझा मुलगा वाऱ्याची दिशा बदलायला बसलाय, हे सिन्नरला सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

दुपारी तीनला पोरगी बाहेर आली. मी विचारलं, "काय काय लिहिलंस?"

"आजोबा, लिहायचं नसतं. सर्कल्स डार्क करायचे."

एकशे ऐंशी गोल! चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. उत्तर आलं नाही तर पोरं निदान शेवटी दोन ओळी कवितेच्या तरी लिहायची, आणि मी अर्धा गुण द्यायचो. गोलात कविता कशी मावणार?

परत येताना तिने बापाला गाडी एका गोलचक्कराशी थांबवायला लावली, खाली उतरली आणि तिथलं गवत मुळासकट उपटून नाकाशी धरून पाहिलं. परीक्षेचा ताण, दुसरं काय.

२६ जुलै

गुडघ्यासाठी आजपासून फिजिओथेरपी. दवाखाना दोन इमारती सोडून आहे, पण बाहेर पाऊल टाकलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. तिथे व्यायाम करून घेणारी बाई किर्गिझस्तानची. नाव गुलनारा. वय पन्नाशीचं, केस पांढरे, आवाज मात्र मॉनिटरचा. हिंदी बोलते, पण सगळी जुन्या सिनेमांतून शिकलेली. माझा पाय धरून म्हणाली, "बाबूजी, ये घुटना अब तुम्हारा नहीं. ये मेरी अमानत है."

मी हसायला लागलो तर म्हणाली, "हँसना मत. गिनो."

मोजता मोजता कळलं, बाई वीस वर्षं शाळेत साहित्य शिकवत होती! एका मोठ्या तळ्याकाठच्या गावात. मी म्हटलं, मीही. तिने माझा पाय हवेतच धरून ठेवला आणि रशियन कविता म्हणायला सुरुवात केली. आठ कडवी. एक अक्षर कळलं नाही, पण कुठे श्वास घ्यायचा ते तिला कळत होतं, आणि कवितेत तेच तर शिकवायचं असतं. पाय मात्र बधिर झाला.

४ ऑगस्ट

गुलनाराबाईंकडून त्यांच्या देशातल्या शिक्षणाची सगळी पद्धत समजून घेतली. जुन्या सोव्हिएत काळापासून चालत आलेली. पहिली ते अकरावी एकच शाळा, एकच इमारत. गुण शंभरपैकी नाहीत. पाच म्हणजे उत्तम, चार चांगलं, तीन ठीक, दोन म्हणजे नापास. एक हा गुण आहे, पण कुणी देत नाही. किती सभ्य माणसं! कविता पाठ करून वर्गापुढे उभं राहून म्हणायची, त्याचेही गुण. आणि प्रत्येक पोराकडे एक दैनंदिनी. त्यात रोजचा अभ्यास, मिळालेला गुण, मास्तरांचा लाल शाईतला शेरा, आणि आठवड्याच्या शेवटी आई-बापाची सही.

हे ऐकून मला गहिवरून आलं. पन्नास वर्षं मी दैनंदिनी लिहितो आहे आणि सही करायला कुणी नाही. बायको, इंदुमती, होती तेव्हा चोरून वाचायची आणि दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ कमी-जास्त करून अभिप्राय द्यायची.

पण सगळ्यात मोठी गोष्ट अकरावीच्या शेवटच्या परीक्षेची आणि कॉलेजची. तिथे परीक्षा तोंडी! टेबलावर चिठ्ठ्या उपड्या मांडलेल्या. त्याला 'बिलेट' म्हणतात. विद्यार्थ्याने एक उचलायची, कोपऱ्यात बसून वीस मिनिटं विचार करायचा, मग मास्तरांसमोर बसून बोलायचं. पहिली चिठ्ठी नकोशी वाटली तर ती परत देऊन दुसरी घेता येते, मात्र एक गुण वजा. याहून न्यायी काही ऐकलं नव्हतं. माझ्या आयुष्यात अशी सोय असती तर!

"इतनी सुंदर पद्धती छोड़कर आप यहाँ क्यों आई?" मी विचारलं.

"बाबूजी, कविता सुंदर थी. छत टपकती थी." मग त्या पडद्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या. वर्गाचे पडदे, रंग, दुरुस्ती, सगळं पालकांनी मिळून करायचं. जो पडदे शिवून देतो त्याच्या पोराला दोन पडत नाहीत. मला तर हे आवडलं. पालकांचा शाळेशी इतका संबंध आपल्याकडे आहे कुठे?

३१ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

दीड दिवसाचा गणपती बसला. दोह्यात दूर्वा मिळतात, पण पिवळ्या पडलेल्या. यंदा पूर्णिमाने बाल्कनीत पसरट ट्रेमध्ये आधीच लावून ठेवल्या होत्या. हिरव्यागार एकवीस जुड्या निघाल्या. इमारतीतल्या सहा घरांतून मागणी आली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंच्या हाताला गुण आहे हो." पूर्णिमा म्हणाली, "आंटी, दूर्वा, हरळी आणि बर्म्युडा ग्रास, इट्स ऑल द सेम थिंग. फुटबॉल यावर खेळतात." नयना म्हणाली, "पुरे आता. निकाल कधी आहे ते बघ."

१ सप्टेंबर, गुरुवार

आज तिकडे विद्यादिन. सगळी पोरं शिक्षकांसाठी फुलं घेऊन शाळेत जातात आणि अकरावीच्या मुलाच्या खांद्यावर बसून पहिलीतली मुलगी घंटा वाजवते. चौतीस वर्षांत मला निरोपसमारंभाचा नारळ सोडून काही मिळालं नाही. तेव्हा ठरवलं, एका शिक्षकाने तरी दुसऱ्याला फूल द्यावं. मॉलमधून मोजून बारा गुलाब घेतले. डझन म्हणजे डझन, त्यात कंजुषी नको.

गुलनाराबाईंनी गुच्छ घेतला, मोजला. मग त्यातलं एक फूल काढून माझ्या शर्टाच्या खिशात खोचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. घरी येऊन दोन ओळी सुचल्या:

अकरा ठेवुनि एक दिले मज, हिशेब हा हृदयाचा
गणिताच्या पुस्तकी न सापडे नियम असा विनयाचा

३ सप्टेंबर

पूर्णिमाला फुलांची हकिकत सांगितली. तिने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि सोफ्यावर लोळत हसली. "आजोबा! त्यांच्याकडे ईव्हन नंबर फक्त डेड लोकांना देतात. ग्रेव्हवर. तुम्ही तिला बारा दिले!"

म्हणजे बाईंनी एक फूल काढून गुच्छाचा अपशकुन काढला होता. कविता खोडणार होतो, पण वृत्त चांगलं जमलंय. राहू दे.

८ सप्टेंबर

निकाल लागला. पोरगी पात्र ठरली, पण भारतात कुठल्या कॉलेजात नंबर लागेल इतके गुण नाहीत. सगळे घरात हळू बोलत आहेत, जसं कुणी आजारी आहे. नयना स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत बसली. देवव्रत म्हणाला, "होईल काहीतरी," आणि फोन घेऊन बाल्कनीत गेला. तिथून त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. मैदानाच्या वायव्य कोपऱ्यात गवत पिवळं पडतंय आणि साहेब त्यालाच धरतायत.

पूर्णिमा मात्र शांत जेवली. दोनदा भात घेतला. धीराची पोर.

१० सप्टेंबर

पुण्याचे एक प्रताप नावाचे गृहस्थ घरी आले. परदेशी मेडिकलचे सल्लागार. पांढरा शर्ट, हातात टॅब, आवाजात तूप. "काकू, नाराज व्हायचं नाही. 'नीट' परीक्षा क्वालिफाय आहे ना? खलास! किर्गिझस्तान. सहा वर्षं, इंग्लिश मीडियम, इंडियन मेस."

मी ताडकन उठून बसलो. किर्गिझस्तान!

देवव्रतने विचारलं, "तिकडून आल्यावर भारतात पुन्हा परीक्षा असते ना? त्यात बरेच नापास होतात म्हणे."

"सर, त्याचं कोचिंग आपण तिथेच देतो, फर्स्ट इयरपासून."

म्हणजे सकाळी कॉलेज शिकवणार आणि संध्याकाळी तेच पुन्हा शिकवणार. दुहेरी शिक्षण! मी म्हटलं, "प्रतापराव, परीक्षा तोंडी असते ना? चिठ्ठ्या?" ते जरा गोंधळले, पण हुशार माणूस. "काका, तुम्हाला हवं ते सगळं आहे."

नयना म्हणत होती, जॉर्जिया बघू या. देवव्रत म्हणत होता, एक वर्ष थांबू या. मी मात्र तासभर बोललो. फुलं, घंटा, पाचाचा गुण, कविता. शेवटी नयना म्हणाली, "बाबांनी इतकं सांगितलंय म्हणजे चांगलंच असणार." बऱ्याच वर्षांनी कुणीतरी माझं ऐकलं.

पूर्णिमाला विचारायचं राहिलं. ती शाळेच्या मैत्रिणींबरोबर मैदानांसाठी गवत वाढवतात ती नर्सरी बघायला गेली होती. येताना बुटाच्या खोक्यातून गवताचा एक चौकोन घेऊन आली. हे गवत म्हणे खाऱ्या पाण्यावरही जगतं. वाळवंटात राहून पोरांना कशाचं कौतुक वाटेल सांगता येत नाही.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

आज घरच्या घरी तोंडी परीक्षा घेतली. तिला आधीपासून सवय हवी. तीस चिठ्ठ्या केल्या. एकोणतीस तिच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातून, हृदय, मूत्रपिंड, चेतापेशी वगैरे. तिसावी माझी स्वतःची: "तुला डॉक्टर का व्हायचं आहे?" हा प्रश्न कुठलाही चांगला मास्तर विचारेलच. सगळ्या सारख्या घडीच्या, बिस्किटांच्या डब्यात घातल्या. डायनिंग टेबलावर चादर अंथरली. देवव्रत आणि नयना प्रेक्षकांत.

पूर्णिमा हसत आली. चिठ्ठी उचलली, उघडली, वाचली. बराच वेळ वाचत होती. मग ती मुठीत दाबली, डब्यात परत टाकली आणि म्हणाली, "आजोबा, सेकंड टिकेट चालेल?"

"चालेल. एक गुण वजा."

"चालेल."

बिचारीला मूत्रपिंड आलं असणार. ते मलाही कधी जमलं नाही.

दुसरी चिठ्ठी: गवताच्या पानाची रचना. वीस मिनिटं दिली होती, तिने दोनही घेतली नाहीत. उभी राहिली आणि बोलायला लागली, आणि काय सांगू, मराठीत बोलली! घरात मराठी प्रश्नाला इंग्रजी उत्तर देणारी पोर. गवताचं पान उन्हात स्वतःला गुंडाळून घेतं, पाणी वाचवतं. वरून खाल्लं तरी खालून वाढतं, कारण त्याचा वाढायचा बिंदू जमिनीशी असतो. पिवळं पडलं म्हणजे मेलं असं नाही, "आजोबा, ते झोपलेलं असतं. पाणी दिलं की उठतं." हातवारे करत, बुटाच्या खोक्यातला तुकडा आणून दाखवत. देवव्रतने फोन बाजूला ठेवला होता. हे मी या घरात पहिल्यांदा पाहिलं.

पाच द्यावेसे वाटले, पण नियम तो नियम. एक वजा. चार.

माझी खात्री पटली. ही पोरगी गोल काळे करण्यासाठी जन्मलेलीच नाही. तोंडी परीक्षेच्या देशात हिचं सोनं होईल. आजच प्रतापरावांना फोन करून कागदपत्रं पुढे सरकवा म्हणून सांगितलं.

२४ सप्टेंबर

एका हॉटेलच्या हॉलमध्ये प्रतापरावांचा पालक मेळावा. समुद्राकाठी विश्वचषकाला उरलेले दिवस मोजणारं घड्याळ आहे, तसंच त्यांनीही पडद्यावर घड्याळ लावलं होतं: प्रवेश बंद व्हायला इतके दिवस, इतके तास. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी चाळीस मिनिटं बोललो. शेवटी स्वरचित ओळी म्हटल्या:

जिथे गुरूंना फुले वाहती, जिथे मुले बोलती उभी
तिथे धाडतो माझी चिमणी, उडो तिथल्या निळ्या नभी

टाळ्याच टाळ्या. एक आई रडली. सात पालकांनी जागेवर फॉर्म भरले. प्रतापराव कानात म्हणाले, "काका, दहा वर्षं धंद्यात आहे, कवितेवर ॲडमिशन होताना पहिल्यांदा पाहिली." दोन्ही ओळी त्यांच्या पत्रकावर छापणार आहेत.

चिमणी मागच्या रांगेत बसून बुटाच्या टोकाने गालिचा खरवडत होती. लाजते.

४ ऑक्टोबर

गुलनाराबाईंना पत्रक दाखवलं. मला वाटलं आनंद होईल. त्यांनी माझा गुडघा जरा जोरातच वाकवला.

"बाबूजी, तुम किसका कॉलेज बता रहे हो? मेरा वाला, जिसमें मैं तीस साल पहले पढ़ी?"

मी म्हटलं, पद्धत तीच ना? त्या म्हणाल्या, आमच्या मुलांना आहे तीच. एक तास बुडला तर तो भरून काढावा लागतो, तोंडी देताना घाम फुटतो. पण तुमच्या मुलांसाठी काही ठिकाणी वेगळाच कारखाना उघडलाय. वेगळी इमारत. मास्तर कागदावरून इंग्रजी वाचतात, मुलं मोबाइलवरून शिकतात, दोघांनाही दोघांचं कळत नाही. म्हणून सगळ्यांना पाच, पाच, पाच.

मी पाच एवढंच लक्षात ठेवायचं ठरवलं.

"लड़की क्या चाहती है?" त्यांनी विचारलं.

"उसने गवत पर बहुत अच्छा बोला," मी म्हटलं, आणि चिठ्ठ्यांची सगळी हकिकत सांगितली.

बाईंनी पाय खाली ठेवला. "और पहली चिट्ठी में क्या था?"

"मालूम नहीं. किडनी होगा."

त्या म्हणाल्या, वीस वर्षं मी परीक्षक होते. पोराने परत केलेली चिठ्ठी मी नेहमी आधी वाचायचे. उत्तर तर सगळेच ऐकतात. आज त्यांनी मोजायला सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आज पडद्यावर विद्यापीठाची मुलाखत. प्रतापरावांनी सगळं जुळवलं. मी कोट घातला, टेबलावर फुलं ठेवली (अकरा). पूर्णिमाला म्हटलं, घाबरू नकोस, चिठ्ठी आली की आधी श्वास घे.

पडद्यावर एक बाई आल्या. "नेम? फादर्स नेम? पासपोर्ट नंबर? इंग्लिश अंडरस्टँड? गुड. वेलकम." चाळीस सेकंद.

मी मध्ये तोंड घातलं. "मॅडम, बिलेट? ओरल एक्झाम?"

बाई हसल्या. "नो नो, ग्रँडपा. फॉर इंडियन, नो प्रॉब्लेम. एव्हरीबडी पास."

मी म्हटलं, मॅडम, निदान एक कविता म्हणा. तुमच्या शाळेत पाठ केलेली कुठलीही. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे जेवणाची सुट्टी झाली. पडदा काळा.

प्रतापराव पेढे काढत होते. नयना देवापुढे दिवा लावायला गेली. पूर्णिमा टेबलाशी तशीच बसून राहिली, हात मांडीवर. चाळीस सेकंदांत तिला एकही प्रश्न असा विचारला नव्हता ज्याचं उत्तर तिच्या पासपोर्टवर छापलेलं नाही.

आणि मी? मी किती विचारले?

बिस्किटांचा डबा कपाटातून काढला. सगळ्या चिठ्ठ्या पलंगावर ओतल्या. अठ्ठावीस नीट घडीच्या. एक उघडलेली, गवताच्या पानाची. आणि एक चुरगळलेली, मुठीत दाबलेली. उघडायची गरज नव्हती. माझ्याच अक्षरातलं 'डॉक्टर का' बाहेरून दिसत होतं. तरी उघडली.

चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, कवितेत न लिहिलेलं वाचायला शिका. कोरी पाटी मीच निघालो.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी पुन्हा चादर अंथरली. सगळ्यांना बोलावलं. म्हटलं, आज मी विद्यार्थी, पूर्णिमा परीक्षक. चुरगळलेली चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली.

तिने ती बघितली आणि खाली मान घातली. "आजोबा, आय वॉज नॉट बीइंग रूड."

"माहीत आहे. आता तू मला विचार."

तिने चिठ्ठीच्या चुण्या बोटाने सपाट केल्या. मग ती मराठीत म्हणाली, "आजोबा, तुम्हाला मला डॉक्टर का करायचं आहे?"

मी वीस मिनिटांचा वेळ मागितला नाही. म्हटलं, "मला तोंडी परीक्षा बघायची होती." इतकं लाजिरवाणं उत्तर माझ्या एकाही विद्यार्थ्याने दिलं नसेल. म्हटलं, "मला दुसरी चिठ्ठी द्या." तिने विचारलं, "मला काय करायचं आहे?" ते मला पाठ होतं. सांगितलं. गवत.

नयनाचा स्फोट झाला. "बाबा, महिनाभर तुम्हीच सगळ्यांचं डोकं उठवलंत! मी जॉर्जिया म्हणत होते! आता म्हणे गवत! लोकांना काय सांगू, कतारमध्ये वाढलेली पोरगी गवत उपटायला पाठवली?"

"आई, उपटायला नाही. वाढवायला," पूर्णिमा म्हणाली. "राहुरीच्या कृषी विद्यापीठात डिग्री आहे. मी सगळं वाचलंय."

देवव्रत म्हणाला, "अगं पण गवताला भविष्य काय?"

"बाबा, तुमच्या नॉर्थवेस्ट कॉर्नरला हवा फार कोरडी लागते. म्हणून तिथली पानं रोल होतात. ते मेलेलं नाही. एअरफ्लोचा अँगल वर करा आणि पहाटे पाणी वाढवा."

"हे तुला कुणी सांगितलं? ते कॉन्फिडेन्शियल आहे!"

"तुम्हीच. जेवताना. रोज."

देवव्रत उठून बाल्कनीत गेला. पण या वेळी फोनवर ओरडला नाही. ट्रेमधल्या दूर्वांकडे बघत उभा राहिला, मग कुणालातरी हळू आवाजात कोन विचारू लागला.

१८ ऑक्टोबर

नयनाने चार दिवस बोलणं टाकलं होतं. आज पोळी वाढताना अचानक म्हणाली, "राहुरीला उन्हाळ्यात किती असतं हो?"

"बेचाळीस."

"मग काही नाही," ती म्हणाली, आणि नाशिकच्या भावाला फोन लावला. यंदाच्या प्रवेशाचे फॉर्म निघून गेलेत. वर्ष जाणार. पूर्णिमा म्हणाली, "इट्स ओके. एक गुण वजा." विश्वचषक होईपर्यंत ती नर्सरीत शिकायला जाईल, मग सिन्नरला माझ्याकडे.

त्या सात पालकांना फोन केले. चौघांनी ऐकून घेतलं, दोघांनी मला वेड्यात काढलं. एक बाई म्हणाल्या, "पण तुमची कविता फार छान होती." त्यांना म्हटलं, मुलाला न सांगता डब्यात तीस चिठ्ठ्या टाका आणि परत कुठली येते ते बघा. प्रतापरावांना पत्रकातून ओळी काढायला सांगितल्या. ते म्हणाले, "काका, दोन हजार छापलीत." आता ही चिमणी कुठे कुठे उडणार देव जाणे.

वायव्य कोपरा हिरवा होतोय. देवव्रत ही बातमी सांगतो तेव्हा बायकोकडे बघत नाही, लेकीकडे बघतो.

२७ ऑक्टोबर

उद्याचं विमान. एक नोव्हेंबरपासून इकडे पाहुण्यांना साधा व्हिसा बंद, फक्त सामन्यांची माणसं. दिवाळीचा फराळ बांधून झाला. गुलनाराबाईंचा निरोप घेतला. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "अमानत वापस." मी विचारलं, मला किती? त्यांनी विचार केला आणि चार बोटं दाखवली. मग एक बोट अर्धं मिटलं. ते गुडघ्याचे होते की बाकीचे, विचारलं नाही.

बॅगेत भरायची आता एवढी एकच वही राहिली. खाली एक ओळ आखली आहे, सहीसाठी. वही पूर्णिमाच्या टेबलावर उघडी ठेवतो आणि अंघोळीला जातो.

(लाल शाईत)

आजोबा, पहिल्या पानापासून सगळं वाचलं. १ सप्टेंबरची पोएम पण. वाचायला खूप लाज वाटली आणि खूप आवडलं.
त्या दिवशी किडनी नव्हती. किडनी मला येते.
अभ्यास पूर्ण. उत्तर बरोबर, पण दुसऱ्या चिठ्ठीवर. एक वजा. ४.
बाल्कनीतल्या ट्रेचा अर्धा तुकडा तुमच्या बॅगेत ओल्या रुमालात ठेवलाय. सिन्नरला पोहोचेपर्यंत पिवळा पडेल. टाकून देऊ नका. झोपलेला असेल.
सही: पूर्णिमा (पालक)